मॅचच्या दिवशी कोशिंबिरीचं ड्रेसिंग वेगळं ठेवा

मॅचच्या दिवशी घरातलं जेवण एका वेळी होत नाही. कोणी नाणेफेक झाली की ताट घेऊन बसतं, कोणी पहिली इनिंग संपेपर्यंत जागचं हलत नाही, आणि शेतातून किंवा दुकानातून उशिरा येणारा माणूस शेवटच्या पाच षटकांत जेवतो. गोळाभात, पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी हे पदार्थ एवढा वेळ थांबतात. रस्सा तर थांबल्याने मुरतो. थांबत नाही ती कोशिंबीर. संध्याकाळी सातला कालवलेली काकडी-टमाटरची कोशिंबीर नऊ वाजेपर्यंत पाणी पाणी होते, दही आंबतं, कांदा उग्र होतो, आणि शेवटी तीच भांड्यात उरते.

यात करणाऱ्या हाताचा काही दोष नाही. मीठ लागलं की चिरलेल्या भाजीतलं पाणी बाहेर येणारच. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी असतं, टमाटरमध्येही जवळपास तेवढंच. साखरही हेच करते. रोजच्या जेवणात पानं वाढली की पाच मिनिटांत कोशिंबीर कालवून वाढता येते. मॅचच्या दिवशी मात्र जेवण तीन-चार तास चालतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: आंबट, तेल, मीठ, तिखट आणि गोडाचा अंश एका काचेच्या बाटलीत आधीच तयार ठेवा, भाजी चिरून कोरडी ठेवा, आणि दोन्ही एकत्र करा ते थेट खाणाऱ्याच्या वाटीत. सॅलड ड्रेसिंगची विकतची बाटली आणायची गरज नाही. यवतमाळच्या कुठल्याही किराणा दुकानात आणि भाजीबाजारात जे मिळतं, त्यातच हे उत्तम होतं.

आता बाटलीत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे माप पाठ करावं लागणार नाही. लिंबाचा रस आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. जोरात हलवलं तर तेलाचे बारीक थेंब होऊन रसात पसरतात, पण दोन मिनिटांत पुन्हा वर येऊन जमतात. ते थेंब धरून ठेवायला मध्ये काहीतरी लागतं, आणि ते काम मोहरी करते. फ्रेंच लोक त्यांच्या ड्रेसिंगमध्ये वाटलेली मोहरी घालतात ती याचसाठी. आपल्याकडे केळीच्या कोशिंबिरीला, भोपळ्याच्या भरताला आणि लोणच्याला मोहरी फेसून लावण्याची रीत जुनी आहे. ती रीत इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

मोहरी फेसायची कशी, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक घरांत आता मोहरी फक्त फोडणीत पडते. दोन चहाचे चमचे मोहरी खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडीच बारीक करा. मग तिच्यावर तीन-चार चमचे थंड पाणी घालून चमच्याने घोटत राहा. मोहरी हलकी आणि फिकट होते, नाकात झणका जातो. हा झणका कोरड्या मोहरीत नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तो तयार होतो, त्याला दहा मिनिटं लागतात. पाणी गरम घेतलं तर झणका मरतो. लिंबू लगेच पिळलं तर तो पुरता चढतच नाही. म्हणून आधी थंड पाणी, मग दहा मिनिटं थांबणं, मग लिंबू. लिंबू पडलं की चढलेला झणका टिकून राहतो. मुलांसाठी सौम्य हवं असेल तर हे उलट करा: पाण्याबरोबरच लिंबू घाला.

आठ जणांच्या घराला साधारण एक किलो चिरलेली भाजी लागते, आणि तिला पाऊण ते एक वाटी ड्रेसिंग पुरतं. फेसलेल्या मोहरीत पाव वाटी लिंबाचा रस घाला. त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि तेवढाच किसलेला गूळ घालून पूर्ण विरघळू द्या. हा क्रम बदलू नका. मीठ आणि गूळ तेलात विरघळत नाहीत. तेल आधी पडलं तर मीठ तळाशी बसतं आणि शेवटची वाटी खारट निघते. मीठ विरघळलं की अर्धी वाटी तेल घाला, झाकण घट्ट लावा आणि बाटली जोरात हलवा. रंग बदलून ते दाट, पिवळसर झालं की तयार. परदेशी पाककृतींत एक भाग आंबटाला तीन भाग तेल सांगतात. आपल्या जिभेला कोशिंबीर आंबट लागलेली आवडते आणि सोबतचे पदार्थ आधीच तेलाचे असतात, म्हणून मी एकाला दोन सुचवते. गोळाभात असेल तर एकाला एक पुरे, कारण त्यावर फोडणीचं तेल वेगळं पडणारच असतं. चव बघायची ती चमच्याने नव्हे, काकडीची फोड बुडवून. नुसतं चाखलं तर ड्रेसिंग जास्त आंबट वाटतं आणि हात उगीच गुळाकडे जातो.

तेल कोणतं घ्यावं, यावर थोडं थांबू. घरोघरी रिफाइंड सोयाबीन तेल असतं, आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचाच. ते चालतं, पण त्याला स्वतःची चव नाही. फोडणीत ते लपतं, कच्च्या ड्रेसिंगमध्ये लपत नाही. घाण्यावरचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल घेतलं तर फरक पहिल्याच घासाला कळतो. करडईचं तेल हलकं, कोवळ्या पानांच्या कोशिंबिरीला चांगलं. जवसाचं तेल विदर्भात पूर्वी घरोघरी असायचं. आता जवस उरलाय तो चटणीपुरता, आणि याची मला खरीच हळहळ वाटते, कारण कच्चं खायला हे तेल फार गुणाचं आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो. तेच त्याच्या नाजूकपणाचं कारण. ते तापवायचं नाही, फोडणीला वापरायचं नाही, उजेडात ठेवायचं नाही. लहान, गडद रंगाची बाटली आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ऑइल पेंटसारखा वास आला तर टाकून द्या. रंगात वापरतात ते अळशीचं तेल म्हणजे हेच, आणि हवेने ते तसंच वाळतं. अर्ध्या वाटी तेलात दोन मोठे चमचे जवसाचं आणि बाकी शेंगदाण्याचं, हे प्रमाण चवीलाही जमतं. शेंगदाणा तेलाचं ड्रेसिंग फ्रिजमध्ये गोठल्यासारखं होतं. ते बिघडलेलं नसतं, पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवलं की मोकळं होतं.

भाकरी-झुणक्याचा बेत असेल, तर मोहरीपेक्षा दाण्याच्या कुटाचं ड्रेसिंग जास्त शोभतं. आपण कोशिंबिरीत कूट वरून भुरभुरतो. ते पाणी शोषतं आणि लगदा होतो. त्याऐवजी एक वाटी भाजलेले, सोललेले दाणे, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, अर्धा चमचा जिरं, दोन हिरव्या मिरच्या आणि मीठ मिक्सरमध्ये आधी कोरडंच फिरवा, कडेला तेल सुटेपर्यंत. मग दोन-तीन चमचे लिंबाचा रस घाला. मिश्रण एकदम घट्ट गोळा होईल. घाबरू नका, तेल वाढवू नका. थोडं थोडं पाणी घालत फिरवत राहा, अर्ध्या वाटीच्या आसपास ते सैल, गुळगुळीत होतं. ठेवल्यावर पुन्हा घट्ट होतं, वाढताना चमचाभर पाणी घाला. पत्ताकोबी, गाजर, मुळा यांना हे छान चिकटतं. दाणे निवडताना कंजूषपणा करू नका: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकाच, कारण त्या बुरशीचं विष भाजण्याने जात नाही. आणि पाहुणे येणार असतील तर कोणाला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारा. कूट दिसत नाही, म्हणून विचारायचं राहून जातं.

दह्याचं ड्रेसिंग झणझणीत पाटवडी रस्स्यासोबत हवंच. दही साधं घेतलं तर ते भाजीवर ठरत नाही. दोन वाट्या ताजं, गोड दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली वाटी, आणि हे सगळं फ्रिजमध्ये दोन तास. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं कोरडं करायचं नाही. साधारण सव्वा वाटी उरेल तेव्हा काढा, फेटा, मीठ, चिमूट साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग आणि सुकी मिरची अशी फोडणी करा आणि ती पूर्ण गार झाल्यावरच दह्यात मिसळा. पुदिना आणि सांभार धुऊन, फडक्यावर वाळवून, मग चिरून घाला. ओला सांभार घातला की बांधून कमावलेला घट्टपणा गेला. या दह्यात लिंबू नको. गाळलेलं पाणी फेकू नका, कढीत जाईल.

आता ऋतूचं. आयपीएल येते चैत्र-वैशाखात, तेव्हा आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात आणि बाजारात कैरी. चैत्रगौरीला आंब्याची डाळ करणाऱ्या घराला कैरी आणि फोडणीचं नातं शिकवायला नको. एक मध्यम कैरी उकडून गर काढा. अर्धी वाटी गराला दोन मोठे चमचे गूळ, मीठ, जिऱ्याची पूड आणि तीन मोठे चमचे तेल घालून घोटा. कैरीच्या गराला मुळातच दाटपणा असतो, त्यामुळे मोहरीची गरज पडत नाही. काकडी आणि वाफवलेल्या मटकीवर हे घालून बघा. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं, तेव्हा तर कैरीच शहाणपणाची.

हिवाळ्यात रणजी असते, आणि विदर्भाच्या माणसाला रणजीचा हंगाम आता घरचा झाला आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक, मग २०२४-२५ चा तिसरा. तो शेवटचा सामना जामठ्याला केरळविरुद्ध झाला, २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५. दानिश मालेवारच्या १५३ धावा, करुण नायरच्या ८६ आणि १३५, पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी, आणि हंगामात ६९ बळी घेणारा हर्ष दुबे. जामठा आपल्याला परकं नाही. वर्ध्यावरून नागपूरला जाताना शहर लागण्याआधी तेच लागतं. पाच दिवसांच्या सामन्यात उपाहाराची सुट्टी चाळीस मिनिटांची, म्हणजे निवांत जेवण होतं. त्या दिवसांत संत्री असतात. अर्धी वाटी संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे लिंबाचा रस (नुसतं संत्रं पुरेसं आंबट नसतं), फेसलेली मोहरी, मीठ आणि तीन-चार चमचे तिळाचं तेल. गाजर, मुळा आणि कोवळ्या मेथीच्या पानांवर हे अप्रतिम लागतं. फक्त रस हाताने, बिया न चिरडता काढा आणि त्याच वेळी वापरा. संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, म्हणून हे ड्रेसिंग आदल्या दिवशी करायचं नाही.

भाजीची तयारी ड्रेसिंगइतकीच महत्त्वाची. धुतलेली भाजी ओली चिरली तर ड्रेसिंग तिच्यावरून घसरून तळाशी जातं. सुती पंचावर पसरून कोरडी करा, मग चिरा. प्रत्येक काकडीचा तुकडा चाखून बघा. एक कडू निघाली तर सगळं पातेलं कडू होतं. काकडीच्या आणि टमाटरच्या बिया काढा, चव जात नाही, पाणी जातं. कांदा चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवा आणि निथळून घ्या, उग्रपणा उतरतो. पत्ताकोबी आणि गाजर तासभर आधी चिरलेली चालतात, काकडी अर्धा तास आधी, टमाटर अगदी शेवटी. कडधान्याला मोड आणले असतील तर पाच-सात मिनिटं वाफवा. कच्चे मोड उन्हाळ्यात पोटाला त्रास देऊ शकतात.

काही गोष्टींत मात्र हयगय चालणार नाही. पहिली, कच्चं अंडं घालून घरी मेयोनीज करण्याची. ते ड्रेसिंग दिसायला झकास होतं, पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जाऊ शकतात आणि आपल्या उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ ला कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली, एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही घातली. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई घरात असेल तर हा विचारच सोडा. दाण्याचं ड्रेसिंग तेवढंच मलईदार होतं. दुसरी गोष्ट कच्च्या लसणाची. लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि हवेवाचून वाढणारा एक जंतू तिथे विष तयार करू शकतो. ते वासाने किंवा चवीने कळत नाही. लसूण हवाच असेल तर त्या दिवसापुरता ठेचून घाला, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. तिसरी गोष्ट भांड्याची: लिंबू-कैरीचं ड्रेसिंग पितळ, तांबं किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. रिकामी जॅमची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली की तिच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात दह्याचं ड्रेसिंग तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. एकदम सगळं मांडण्याऐवजी छोट्या वाटीत काढा, संपलं की पुन्हा काढा. ज्या गावात संध्याकाळी लाइट जाण्याची खात्री आहे, तिथे दह्याच्या वाट्याला न जाता मोहरी-लिंबाचं करा. ते माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर संध्याकाळभर व्यवस्थित राहतं.

वेळेचं गणित आयपीएलच्या सामन्यावरून सांगते, कारण तेच सगळ्यात घाईचं. सामना साडेसातला. दुपारी चारला दही बांधा आणि मोहरी फेसा. पाचला बाटल्या भरून फ्रिजमध्ये. साडेसहाला कोबी-गाजर-कांदा, सातच्या सुमाराला काकडी. भाज्या वेगवेगळ्या डब्यांत, एकत्र करायच्या नाहीत. ज्याला मुळा नको त्याच्या वाटीत तो जाणार नाही, ही सोय वेगळीच. मोहरीची बाटली सात वाजता बाहेर काढा. प्रत्येक डावात अडीच मिनिटांचे दोन टाइम-आउट असतात. तेवढ्यात बाटली हलवून होते, आणि हे काम मुलांना द्या. दहा वर्षांचं पोर हे आनंदाने करतं आणि आपण हलवलेलं म्हणून कोशिंबीर खातंही. झाकण मात्र तुम्ही तपासा. दोन डावांमधली सुट्टी वीस मिनिटांची. तेव्हा टमाटर चिरा, वाट्या भरा, प्रत्येक वाटीत एक मोठा चमचा ड्रेसिंग. यापेक्षा जास्त लागत नाही. कमी वाटलं तर बाटली टेबलावर आहेच. उशिरा येणाऱ्याची भाजी कोरडीच झाकून ठेवा, त्याची वाटी तो आल्यावर तयार होईल आणि पहिल्या वाटीइतकीच करकरीत असेल.

हे सगळं एकट्या बाईने करायचं नाही, हेही इथेच सांगते. मॅच तिलाही बघायची असते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्री कितीतरी घरांत आई-आजी समोर बसून होत्या. बाटलीत ड्रेसिंग तयार असलं की वाढण्यात कौशल्य उरत नाही. घरातल्या कोणत्याही पुरुषाला आणि मुलाला भाजीवर चमचाभर घालून वाटी पुढे करता येते. भाज्या चिरण्याची वाटणीही दुपारीच करून टाका: एकाने कोबी, दुसऱ्याने काकडी.

उरलेल्या ड्रेसिंगचं काय? मोहरी-लिंबाचं फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. मोहरीचा झणका रोज थोडा उतरतो, पण चव मुरते. उकडलेल्या बटाट्यावर किंवा दुसऱ्या दिवशीच्या वाफवलेल्या मटकीवर घाला. दाण्याचं दोन दिवसांत संपवा, भाकरीला लावायला ते चटणीची जागा घेतं. दह्याचं दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, पोळीच्या रोलमध्ये किंवा थालीपिठासोबत. कैरीचं तीन दिवस राहतं, आणि त्यात थंड पाणी, थोडा गूळ घातला की दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाला पन्हं म्हणून देता येतं. त्यासाठी मात्र गराचा थोडा भाग तेल घालण्याआधीच बाजूला काढून ठेवा.